दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा : कोल्हापूर–नागपूरचे उदाहरण

कोल्हापूरहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एका ठिकाणी बावन्न मिनिटे दिसतात, दुसरीकडे सव्वा तास आणि तिसरीकडे पावणेदोन तास. अंतराबाबतही तोच गोंधळ असतो, कारण कोणी ४३६ लिहितो, कोणी ३७९ आणि कोणी ७०२. हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकके वेगळी आहेत. वेळेचे आकडे मात्र सगळेच बरोबर नसतात, कारण बहुतेक ठिकाणी अंतराला विमानाच्या वेगाने भागून मिळालेली संख्या उड्डाणाचा वेळ म्हणून सांगितली जाते. प्रादेशिक मार्गांवर ही पद्धत हमखास चुकते. मार्ग जितका लहान, तितका जमिनीवर, वर चढण्यात आणि उतरण्यात जाणारा वेळ एकूण वेळेचा मोठा भाग होतो. म्हणून अंतर आणि वेळ या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्यात आणि त्या स्वतः कशा काढायच्या हे एकदा नीट समजून घ्यावे. त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

आधी विमानतळ नेमका कोणता ते ठरवा

अंतर मोजायचे ते दोन शहरांमधले नव्हे, तर दोन विमानतळांमधले. प्रत्येक विमानतळासाठी एक संदर्भबिंदू अधिकृतपणे ठरवलेला असतो आणि सगळी अंतरे त्या बिंदूपासून मोजली जातात. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, नाशिकचा ओझरला, शिर्डीचा काकडी गावाजवळ, तर सिंधुदुर्गचा चिपी-परुळे येथे. काही ठिकाणी शहर आणि विमानतळ यांच्यात वीसेक किलोमीटरचे अंतर असते, आणि तीनशे किलोमीटरच्या मार्गावर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एका नावाचे दोन विमानतळ असतील तर अधिकच जपावे लागते. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी वापरले जातात, त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे आणि तिकिटावर फक्त ‘गोवा’ एवढे वाचून पणजीला किंवा मडगावला पोहोचण्याचा वेळ ठरवणे धोक्याचे आहे. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून मुंबईलाही हीच खबरदारी लागू आहे.

गोंधळ टाळण्यासाठी तीन अक्षरी संकेत पाहावा. कोल्हापूरचा के-एल-एच, नागपूरचा एन-ए-जी, दाबोळीचा जी-ओ-आय आणि मोपाचा जी-ओ-एक्स. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक चार अक्षरी संकेत वापरतात. त्यात कोल्हापूर व्ही-ए-के-पी आणि नागपूर व्ही-ए-एन-पी आहे. विमानाचा प्रत्यक्ष मार्ग शोधताना काही संकेतस्थळांवर हाच चार अक्षरी संकेत द्यावा लागतो, त्यामुळे दोन्ही लिहून ठेवलेले बरे.

त्यानंतर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करत असलेल्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत ते मिळतात आणि ती पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. तेथे आकडे अंश, कला आणि विकला या रूपात दिलेले असतात. कोल्हापूर साधारण १६ अंश ३९ कला ५३ विकला उत्तर आणि ७४ अंश १७ कला २२ विकला पूर्व, तर नागपूर २१ अंश ५ कला ३२ विकला उत्तर आणि ७९ अंश २ कला ५० विकला पूर्व. हे आकडे दशांशात आणताना कलांना ६० ने आणि विकलांना ३६०० ने भागायचे असते. ३९ भागिले ६० म्हणजे ०.६५, ५३ भागिले ३६०० म्हणजे ०.०१४७, म्हणून कोल्हापूरचा अक्षांश १६.६६४७ अंश. घाईत १६.३९५३ असे लिहिले तर विमानतळ एका झटक्यात तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. अंतराच्या गणितात सर्वाधिक चुका होतात त्या येथेच. त्यामुळे रूपांतर झाल्यावर मिळालेला बिंदू नकाशावर टाकून तो धावपट्टीवरच पडतो आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सरळ रेषेतील अंतर

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे तिच्या पृष्ठभागावरून जाणारा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना हा मार्ग सपाट नकाशावर ठळकपणे वाकलेला दिसतो, परंतु महाराष्ट्राच्या आतल्या अंतरांसाठी ही वक्रता इतकी किरकोळ असते की पायथागोरसच्या प्रमेयाने काढलेले उत्तर पुरेसे अचूक येते.

पद्धत अशी. दोन अक्षांशांमधला फरक घ्यावा. तो येथे ४.४२७५ अंश आहे. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ४९२ किलोमीटर होते. रेखांशांमधला फरक ४.७५७८ अंश आहे, पण रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे एका रेखांशाचे अंतर अक्षांशानुसार बदलते. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांची सरासरी १८.८८ अंश, तिचे कोसाइन ०.९४६, आणि १११.२ ला त्याने गुणले की एका रेखांशाला सुमारे १०५.२ किलोमीटर मिळतात. पूर्व-पश्चिम अंतर अशा प्रकारे ५०० किलोमीटर निघते. आता ४९२ चा वर्ग आणि ५०० चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर येते सुमारे ७०२ किलोमीटर.

गोलीय त्रिकोणमितीच्या पूर्ण सूत्राने हेच अंतर काढले तरीही ७०२ किलोमीटरच येते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे गृहीत धरून काढले तर ते ७०१ होते. दोन संकेतस्थळांच्या उत्तरांत एक-दोन किलोमीटरचा फरक दिसतो तो या गृहीतकामुळे, आणि प्रवाशाने त्याची काळजी करण्याचे काहीही कारण नाही. काळजी एककाची करावी. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलात मोजतात, आणि एक सागरी मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर. ७०२ किलोमीटर म्हणजे ३७९ सागरी मैल, आणि रस्त्यावरच्या साध्या मैलात ४३६. अनेक संकेतस्थळे दोन्ही ठिकाणी नुसते ‘मैल’ लिहितात. हिशेब करताना शंका आली तर किलोमीटरचाच आकडा धरावा.

हाताने आकडेमोड करायची नसेल तर गूगल अर्थमधील मोजपट्टी किंवा ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ वापरता येते. तरीसुद्धा एकदा कागदावर हिशेब करून पाहावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्यानंतर स्क्रीनवर आलेला चुकीचा आकडा लगेच खटकतो. आणखी एक सोपी पडताळणी रस्त्याच्या अंतरावरून करता येते. आपल्याकडे रस्ता साधारणपणे सरळ रेषेपेक्षा वीस ते तीस टक्क्यांनी लांब असतो आणि घाट मोठे असतील तर त्याहूनही अधिक. कोल्हापूर–मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०९ किलोमीटर आहे आणि रस्त्याने सुमारे ३८०. म्हणजे रस्ता साधारण तेवीस टक्क्यांनी लांब पडतो. आपण काढलेले हवाई अंतर रस्त्याच्या अंतराइतकेच किंवा त्याहून जास्त आले, तर कोठेतरी चूक झालेली आहे हे निश्चित समजावे.

विमान त्या रेषेवरून जात नाही

नकाशावर कोल्हापूर ते नागपूर अशी पट्टी ठेवली तर ती सांगली-मिरजेजवळून निघते, जवळजवळ पंढरपूरवरून जाते, मध्यावर परळी आणि अंबाजोगाईच्या बाजूने सरकते, यवतमाळ डावीकडे ठेवून वर्ध्याला अगदी जवळून ओलांडते आणि नागपूरला पोहोचते. दिशा जवळजवळ तंतोतंत ईशान्य, म्हणजे उत्तरेपासून ४५ अंश. रत्नागिरी–नागपूर महामार्ग सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा वळसा घेत याच कोपऱ्यांना जोडतो, तर महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा राज्याचा मोठा फेरा मारून नागपूरला पोहोचायला एका दिवसाहून अधिक वेळ घेते. सरळ रेषेची किंमत या तुलनेत कळते.

तरीही विमानाला ही रेषा जशीच्या तशी मिळत नाही. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून आणि ठरावीक बिंदूंवरून जातात, लष्करी वापरासाठी राखलेली हवाई क्षेत्रे टाळतात, पावसाळ्यात मोठे ढग चुकवतात. म्हणून सरळ अंतरात चार-पाच टक्के मिळवावेत. कोल्हापूर–नागपूरसाठी आपण ७४० किलोमीटर धरू.

याहून जास्त लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे धावपट्टीची दिशा, आणि सामान्य हिशेबात ती कोणीच धरत नाही. धावपट्टीच्या टोकावर लिहिलेल्या आकड्याला दहाने गुणले की तिची दिशा अंशांत मिळते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे. वारा पूर्वेकडून असेल तर विमान ०७ वरून, म्हणजे ७० अंशांच्या दिशेने उडते, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या वाटेला लागण्यासाठी त्याला फक्त २५ अंश डावीकडे वळावे लागते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा उड्डाण २५ वरून होते. विमान आधी नागपूरकडे पाठ करून निघते आणि हवेत गेल्यावर त्याला सुमारे १५५ अंशांचे वळण घ्यावे लागते. यात तीन-एक मिनिटे सहज जातात. नागपूरची धावपट्टी १४/३२ अशी आहे, आणि ईशान्येकडे जाणाऱ्या वाटेला ती जवळजवळ काटकोनात पडते. त्यामुळे वारा कोणताही असला तरी कोल्हापूरहून आलेल्या विमानाला थेट उतरता येत नाही. ३२ वर उतरायचे असेल तर विमानतळाच्या आग्नेयेला पंधरा-वीस किलोमीटर बाजूला जाऊन डावीकडे वळावे लागते, आणि १४ वर उतरायचे असेल तर वायव्येकडून यावे लागते. खिडकीतून शहर दिसू लागल्यानंतरही विमान पाच-सात मिनिटे फिरत राहते ते यासाठी.

वेळ तुकड्यांनी मोजा

तिकिटावर जो वेळ असतो त्याला विमानवाहतुकीत ब्लॉक टाइम म्हणतात. विमान आपल्या उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. ही दोन नावे मनात वेगळी ठेवली तर निम्मा गोंधळ संपतो.

आता विमानाचा प्रकार पाहावा. प्रादेशिक मार्गांवर आपल्याकडे मुख्यतः पंख्यांचे एटीआर ७२ आणि एम्ब्रेअरसारखी लहान जेट दिसतात, आणि मोठ्या धावपट्टीच्या ठिकाणी एअरबस ए ३२० सुद्धा. कोणते विमान येणार हे बहुतेकदा धावपट्टी ठरवते. कोल्हापूरची धावपट्टी आधी १३७० मीटरची होती, तिची लांबी नंतर वाढवण्यात आली, आणि त्यानंतरच जेटच्या वापराला वाव मिळाला. एटीआर साधारण ५०० किलोमीटर ताशी वेगाने जाते. जेटचा प्रवासी वेग ८०० किलोमीटरच्या आसपास धरावा, कमी अंतराच्या मार्गावर त्याहून जास्त धरू नये.

जेटचा हिशेब करू. उंची गाठायला अठरा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे १८५ किलोमीटर कापले जातात. खाली उतरताना २०० किलोमीटर आणि वीस मिनिटे. ७४० मधून हे दोन्ही वजा केले की पूर्ण वेगाने जायला उरतात फक्त ३५५ किलोमीटर, म्हणजे सत्तावीस मिनिटे. हवेतला वेळ झाला पासष्ट मिनिटे, वळणांची पाच मिळवून सत्तर. जमिनीवर निघताना आठ आणि पोहोचल्यावर पाच मिनिटे धरली तर एकूण ८३ मिनिटे, म्हणजे सुमारे एक तास पंचवीस मिनिटे होतात. विमान निम्म्याहून कमी अंतर पूर्ण वेगाने जाते, हे या हिशेबात लक्षात घेण्यासारखे आहे. नुसत्या भागाकाराने आलेली बावन्न मिनिटे प्रत्यक्षात कधीच दिसणार नाहीत.

एटीआरला चढायला वीस मिनिटे आणि १२० किलोमीटर, उतरायला पंधरा मिनिटे आणि १०० किलोमीटर, उरलेल्या ५२० किलोमीटरना बासष्ट मिनिटे. वळणे आणि जमिनीवरचा वेळ धरून बेरीज एक तास पंचावन्न मिनिटांच्या आसपास जाते. वेगात तीनशे किलोमीटरचा फरक असूनही एकूण वेळेत फरक पडला तो जेमतेम बत्तीस मिनिटांचा.

रोजच्या वापरासाठी या सगळ्याचे एक सोपे रूप करता येते. सरळ रेषेतील अंतराला जेटसाठी ८०० ने भागावे आणि उत्तराच्या मिनिटांत तीस मिनिटे मिळवावीत. एटीआरसाठी ५०० ने भागून पंचवीस मिळवावीत. कोल्हापूर–मुंबईच्या ३०९ किलोमीटरना जेटने त्रेपन्न मिनिटे येतात आणि एटीआरने बासष्ट. म्हणजे एवढ्या अंतरावर जेटने फक्त नऊ मिनिटे वाचतात, आणि केवळ जेट आहे म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. मात्र मुंबईसारख्या विमानतळाला आणखी दहा-पंधरा मिनिटे वेगळी द्यावीत. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. गर्दीच्या तासांत विमाने हवेत घिरट्या घालत थांबवली जातात, आणि विमान कंपन्या हे ओळखून वेळापत्रकातच जादा मिनिटे घालून ठेवतात.

लहान विमानतळांवर गर्दी नसते, परंतु तेथे वेळ दुसऱ्या कारणाने जातो. अनेक ठिकाणी धावपट्टीला समांतर जाणारा टॅक्सी मार्ग, म्हणजे विमानाला जमिनीवरून ये-जा करण्याची वेगळी वाट, नसते. विमान धावपट्टीवर येते, तिच्यावरूनच उलट दिशेने शेवटच्या टोकापर्यंत जाते, तेथे रुंद केलेल्या जागेत अर्धवर्तुळ घेऊन वळते आणि मग उड्डाणासाठी धावू लागते. तेवढा वेळ दुसऱ्या कोणत्याही विमानाला धावपट्टी वापरता येत नाही. उतरलेल्या विमानालाही असेच परत यावे लागते. एखादे विमान नुकतेच उतरत असेल तर आपले विमान दाराजवळच उभे राहते आणि प्रवाशांना त्याचे कारण कळत नाही.

जाताना आणि येताना वेळ सारखा का नसतो

हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत पश्चिमेकडून वारे वाहतात, आणि उंची जितकी जास्त तितका त्यांचा जोर अधिक. नागपूरकडे जाताना हा वारा पाठीशी येतो, परतताना समोरून. समजा वारा ताशी ९३ किलोमीटर आहे, म्हणजे ५० नॉट (ताशी सागरी मैल). आपली वाट त्याच्याशी ४५ अंशांचा कोन करते, म्हणून त्यातला सुमारे ६५ किलोमीटरचा भागच उपयोगी पडतो किंवा आडवा येतो. जेटचा जमिनीवरून मोजलेला वेग जाताना ८६५ आणि येताना ७३५ होतो. पूर्ण वेगाचे अंतरच कमी असल्यामुळे दोन्ही दिशांमधला फरक पाच-सहा मिनिटांपुरता राहतो. एटीआर कमी उंचीवरून जाते, तिला वारा कमी लागतो, तरी तिचा स्वतःचा वेग कमी आणि वाऱ्यात राहण्याचा काळ जास्त असल्यामुळे तिच्यावरही तेवढाच परिणाम होतो. पावसाळ्यात खालच्या थरात पश्चिमेचा वारा असतो, पण विमानांच्या उंचीवर चित्र बदलते. म्हणून हिवाळ्यात पाहिलेला वेळ जुलैसाठी धरू नये.

थेट विमान नसेल तर

प्रादेशिक मार्गांची वेळापत्रके वरचेवर बदलतात, आठवड्यातील काही दिवसच विमान असते, आणि कधी ते बंदही होते. मग एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावे लागते. येथेही अंतराचा हिशेब उपयोगी पडतो. कोल्हापूर–मुंबई ३०९ आणि मुंबई–नागपूर ६८३ असे मिळून ९९२ किलोमीटर होतात. हैदराबादमार्गे ४४५ आणि ४३३, म्हणजे ८७८. नकाशावर पाहता हैदराबाद राज्याबाहेर आणि आडवाटेला वाटते, पण प्रत्यक्षात हा मार्ग मुंबईपेक्षा शंभराहून अधिक किलोमीटरने जवळचा आहे. हैदराबादमार्गे जेटचा उडण्याचा हिशेब सुमारे दोन तास सहा मिनिटे निघतो, आणि त्यात मधला थांबा मिळवायचा. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर दीड तासाचा थांबा साधारणपणे पुरेसा होतो. तिकिटे वेगवेगळी असतील, सामान पुन्हा द्यायचे असेल किंवा मुंबईत टर्मिनल बदलायचे असेल, तर साडेतीन-चार तास ठेवावेत. पहिले विमान उशिरा आले म्हणून चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी वेगळ्या तिकिटावर कोणतीही कंपनी घेत नाही.

घरापासून घरापर्यंतचा हिशेबही याच वेळी मांडावा. बहुतेक कंपन्या देशांतर्गत विमानाचे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. कोल्हापुरातून उजळाईवाडीला अर्धा तास, तेथे दीड तास आधी, विमान एक तास पंचवीस मिनिटे, नागपूरला सामान आणि शहरापर्यंतचा प्रवास मिळून पाऊण ते एक तास, म्हणजे साधारण सव्वाचार ते साडेचार तास. कोल्हापूर–नागपूर या टोकाच्या अंतरासाठी ही सोय अमूल्य आहे. आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्याला किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तारखेला हजर राहायचे आहे त्याला तिचे मोल अधिकच कळेल. दोनशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला मात्र हा पावणेतीन-तीन तासांचा आगाऊ आणि नंतरचा वेळ मिळवला की विमानाचा फायदा सहसा उरत नाही.

वेळेचा आकडा पैशांनाही लागू होतो

उड्डाणाचा वेळ माहीत असणे केवळ सोयीचे नाही. विमान रद्द झाल्यास मिळणारी भरपाई नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत ब्लॉक टाइमवर ठरवलेली आहे. वेळेत सूचना न देता विमान रद्द झाले तर एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमसाठी ५००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७५०० आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळू शकते. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना हा नियम लागू होत नाही. प्रवासाच्या वेळी लागू असलेला नियम महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. कोल्हापूर–मुंबईसारख्या, एक तासाच्या उंबरठ्यावरच्या मार्गावर वेळापत्रकात घातलेली दहा मिनिटे कोणता टप्पा लागू होतो हे ठरवू शकतात, म्हणून तिकिटावरचे सुटण्याचे आणि पोहोचण्याचे वेळ दोन्ही जपून ठेवावेत.

भाड्याचाही वेळेशी आणि अंतराशी संबंध आलेला आहे. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात सरकारने देशांतर्गत भाड्यांवर मर्यादा घातल्या, त्या उड्डाणाच्या वेळेनुसार सात टप्प्यांत होत्या. प्रादेशिक विमानसेवेसाठीची केंद्र सरकारची उडान योजना जाहीर झाली तेव्हा साधारण ५०० किलोमीटर म्हणजे सुमारे एक तासाच्या उड्डाणाला २५०० रुपये, असे सूत्र सांगितले गेले. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबादचा समावेश होता, आणि तो मार्ग सुमारे २४५ किलोमीटरचा आहे. आपल्या नियमाने एटीआरला तेथे सुमारे पंचावन्न मिनिटे येतात. म्हणजे पाचशे किलोमीटरना एक तास हा हवेतल्या वेगाचा हिशेब झाला, तिकिटावरच्या वेळेचा नव्हे.

शेवटी पडताळणी. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक दिला की गेल्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष केव्हा उडाले आणि केव्हा उतरले हे दिसते, आणि नकाशावर त्याची वाटही उमटते. तेथील हवेतल्या वेळेशी आपला हिशेब ताडून पाहावा. दहा मिनिटांच्या आत फरक असेल तर हिशेब ठीक आहे. त्याहून जास्त असेल तर विमानाचा प्रकार, धावपट्टीची दिशा आणि वारा या क्रमाने कारण शोधावे. त्याच पानावर विमान किती वेळा उशिरा सुटले हेही पाहावे, कारण लहान मार्गावर एकच विमान दिवसभर अनेक फेऱ्या करत असते आणि सकाळचा उशीर दुपारपर्यंत वाढत जातो. काही विमानतळ ठरावीक तासच उघडे असतात, त्यामुळे संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला फार उशीर झाला तर ती रद्द होण्याची शक्यता असते. ज्याला त्याच दिवशी पोहोचणे अत्यावश्यक आहे त्याने दिवसातील पहिले विमान घ्यावे, आणि पुढे जोडविमान असेल तर दोन्हींच्या मध्ये किमान एका फेरीचा उशीर सामावेल एवढा वेळ ठेवावा.